एआय शोधसाधनाकडून अभ्यासपूर्ण संदर्भ मिळवताना : प्रश्न मांडण्यापासून नोंद ठेवण्यापर्यंतचे टप्पे

एआय शोधसाधनाला ‘अमुक विषयावरचे दहा संदर्भ दे’ असे सांगायचे, आलेली यादी उचलायची आणि लेखाच्या शेवटी जोडून द्यायची, ही रीत आता इतकी रुळली आहे की तिच्यातली चूक यादी तपासायला बसेपर्यंत ध्यानातही येत नाही. तपासायला बसले की दिसते ते असे : लेखकांची नावे खरी असतात, जर्नल खरे असते, खंड आणि अंकही खरे असतात, पण सांगितलेल्या पानांवर दुसराच निबंध छापलेला असतो. कधी निबंध अस्तित्वात असतो, पण ज्या विधानासाठी तो दिला आहे ते विधान त्यात कुठेही नसते. या दुसऱ्या प्रकारची चूक जास्त घातक, कारण ती दुवा उघडून पाहणाऱ्यालाही चकवते.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच पाळावेत. क्रम उलटला की काम दुप्पट होते. उदाहरण म्हणून एकच प्रश्न शेवटपर्यंत घेतला आहे : रात्रपाळीचा परिचारिकांच्या झोपेवर काय परिणाम होतो?

टप्पा १ : साधन उघडण्याआधी प्रश्न कागदावर मांडा

‘रात्रपाळी आणि झोप’ हा विषय झाला. त्याला प्रश्न म्हणता येणार नाही. प्रश्नात चार गोष्टी ठरलेल्या असाव्या लागतात : कोणाविषयी, कशामुळे, कशाच्या तुलनेत आणि काय मोजायचे. आपल्या उदाहरणात रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिका, रात्रपाळी, फक्त दिवसपाळी करणाऱ्या परिचारिकांशी तुलना आणि झोपेची गुणवत्ता किंवा कालावधी, अशी ही मांडणी होईल. वैद्यकीय संशोधनात याच चौकटीला पिको म्हणतात, पण शिक्षणशास्त्र, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्रातल्या बहुतेक प्रश्नांनाही ती थोड्या फेरफाराने लागू पडते.

याच कागदावर आणखी दोन ओळी लिहाव्यात. कोणत्या प्रकारचा स्रोत चालेल (मूळ संशोधन, आढावा-निबंध, की दोन्ही) आणि कोणत्या वर्षापासूनचे साहित्य हवे. या ओळी आधी लिहिल्या नाहीत तर साधनाने पुढे केलेले पहिले चार निबंध हेच आपले निकष ठरवू लागतात.

तपासणी : मांडलेला प्रश्न दुसऱ्या कोणाला वाचून दाखवल्यावर त्याने ‘म्हणजे नेमके काय मोजायचे?’ असे विचारले, तर प्रश्न अजून तयार झालेला नाही.

टप्पा २ : संज्ञांची यादी करा

मराठीत विचार करणाऱ्या अभ्यासकाने या टप्प्यावर विशेष वेळ द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. निबंधांचे बहुतांश नोंदसंग्रह (डेटाबेस) इंग्रजीत आहेत, आणि मराठीतून प्रश्न विचारला की साधन आपल्या शब्दांचे भाषांतर स्वतःच करते. ते कोणता प्रतिशब्द निवडते हे आपल्याला सहसा दिसत नाही. एकच उदाहरण पुरे आहे. मानसशास्त्रातले नैराश्य, अर्थशास्त्रातली महामंदी आणि हवामानशास्त्रातले कमी दाबाचे क्षेत्र या तिन्हींना इंग्रजीत ‘डिप्रेशन’ हाच शब्द आहे. उलट बाजूने, मराठीतला ‘ताण’ हा शब्द इंग्रजीत ‘स्ट्रेस’, ‘स्ट्रेन’ आणि ‘टेन्शन’ अशा तीन वेगळ्या संज्ञांकडे जाऊ शकतो, आणि अभियांत्रिकीत तर त्या तिन्हींचे अर्थ काटेकोरपणे भिन्न आहेत.

म्हणून प्रश्न मराठीत मांडला तरी पारिभाषिक संज्ञा इंग्रजी लिपीत जशाच्या तशा द्याव्यात. आपल्या उदाहरणासाठी ‘नाइट शिफ्ट’, ‘शिफ्ट वर्क’, ‘रोटेटिंग शिफ्ट’, ‘स्लीप क्वालिटी’, ‘स्लीप ड्युरेशन’ आणि ‘सर्केडियन’ (शरीराच्या दिवस-रात्रीच्या लयीशी संबंधित) या संज्ञा लागतील.

यांच्या जोडीला मोजमापाच्या साधनांची नावे जरूर लिहावीत. ही गोष्ट नवख्या अभ्यासकाकडून हमखास राहून जाते. झोपेच्या संशोधनात ‘पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स’ ही १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेली प्रश्नावली फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाते; तिचे गुण ० ते २१ या पट्टीवर मोजतात आणि ५ च्या वरचे गुण निकृष्ट झोपेचे लक्षण मानतात. दुसरे मोजमाप ‘ॲक्टिग्राफी’चे, म्हणजे मनगटावर बांधलेल्या उपकरणाने टिपलेल्या हालचालींवरून झोप ठरवण्याचे. ही दोन नावे शोधात घातली की विषयावरचे मोघम लेख आपोआप मागे पडतात आणि प्रत्यक्ष मोजणी केलेले निबंध वर येतात.

टप्पा ३ : हातात कोणत्या जातीचे साधन आहे ते ओळखा

सगळी साधने सारखीच उत्तरे देताना दिसतात, पण आतली व्यवस्था तीन प्रकारची असते.

पहिला प्रकार म्हणजे वेबशोध बंद असलेला चॅटबॉट. तो कोणतीही नोंद शोधत नाही. आधी वाचलेल्या मजकुराच्या सवयीवरून पुढचा संभाव्य शब्द मांडत जातो. लेखकाचे नाव, वर्ष, जर्नल, पानांचे आकडे यांचाही एक ठरलेला साचा असल्यामुळे त्या साच्यात बसणारा, पण कधीच न लिहिला गेलेला निबंध तो सहज तयार करतो. संदर्भांसाठी हा प्रकार वापरूच नये. संज्ञांची यादी वाढवायला मात्र तो उपयोगी पडतो.

दुसरा प्रकार वेबवर शोधून उत्तर लिहिणाऱ्या साधनांचा. पर्प्लेक्सिटी किंवा वेबशोध सुरू असलेले चॅटजीपीटी ही त्याची उदाहरणे. इथे दुवे बहुधा खरे असतात, पण त्यांत निबंध, बातमी, ब्लॉग आणि जाहिरातवजा मजकूर यांची सरमिसळ असते. तिसऱ्या प्रकारात सिमँटिक स्कॉलर, एलिसिट, कन्सेन्सस यांसारखी, विद्वत्साहित्याच्या नोंदसंग्रहावर उभी असलेली साधने येतात. एकट्या सिमँटिक स्कॉलरमध्ये २० कोटींहून अधिक निबंधांच्या नोंदी आहेत. निबंध अस्तित्वात नसण्याचा धोका इथे बराच कमी होतो. निबंधाचा अर्थ चुकीचा लावला जाण्याचा धोका मात्र तसाच राहतो.

सावधान : अप्रकाशित हस्तलिखित, सहभागी व्यक्तींची माहिती किंवा परीक्षणासाठी विश्वासाने हाती आलेला निबंध कोणत्याही साधनावर चढवू नये.

टप्पा ४ : प्रश्न विचारण्याची रीत सुधारा

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे उत्तर प्रश्नातच भरून विचारणे. ‘रात्रपाळीमुळे झोप बिघडते हे सिद्ध करणारे निबंध दे’ असे म्हटले की साधन तेवढेच शोधते, आणि परिणाम न आढळलेले निबंध समोर येतच नाहीत. प्रश्न असा असावा (त्यातला डीओआय म्हणजे निबंधाला दिला जाणारा कायमचा ओळख-क्रमांक) :

‘रुग्णालयातल्या परिचारिकांमध्ये रात्रपाळी आणि झोपेची गुणवत्ता यांचा संबंध तपासणारे, तज्ज्ञ-परीक्षण झालेले निबंध शोध. प्रत्येकासाठी पूर्ण शीर्षक, पहिला लेखक, वर्ष, जर्नल, डीओआय आणि झोप कशाने मोजली हे दे. ज्या गोष्टीचा पुरावा सापडला नाही तिथे रिकामे सोड. अंदाजाने भरू नकोस.’

यानंतर वेगळ्या संवादात उलट बाजू विचारावी : संबंध न आढळलेले किंवा विरुद्ध निष्कर्ष आलेले निबंध कोणते? वेगळा संवाद अशासाठी की, चालू संवादात साधन आधीच्या उत्तराशी सुसंगत राहण्याकडे झुकते.

संख्या ठरवून मागू नये. सहाच निबंध जुळत असताना ‘दहा दे’ म्हटले की उरलेले चार कुठून तरी आणून भरले जातात, आणि ते चार ओळखणे हेच नंतर आपले काम होऊन बसते. पहिल्या फेरीत मूळ संशोधनाऐवजी आढावा-निबंध मागावेत, कारण सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (ठरलेल्या पद्धतीने सगळे संशोधन शोधून घेतलेला आढावा) हाती आला की त्याच्या संदर्भसूचीत एका जाणत्या चमूने निवडलेले मूळ निबंध एका जागी मिळतात.

टप्पा ५ : संदर्भ अस्तित्वात आहे का ते पाहा

इथून पुढे साधन बाजूला ठेवायचे. ‘हा संदर्भ खरा आहे ना?’ असे त्याच साधनाला विचारणे ही पडताळणी होत नाही. ते ठामपणे ‘हो’ म्हणेल, किंवा माफी मागून दुसरा, तितकाच निराधार संदर्भ पुढे करील.

१. डीओआय असेल तर तो डीओआय डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर टाकावा. दुवा उघडला एवढ्यावर समाधान मानू नये. डीओआय खरा असतो, पण तो भलत्याच निबंधाचा असतो, असे वारंवार घडते. उघडलेल्या पानावरचे शीर्षक, पहिला लेखक, वर्ष आणि जर्नल या चारही गोष्टी यादीशी शब्दशः जुळवाव्यात.

२. डीओआय नसेल किंवा उघडत नसेल, तर पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलर आणि क्रॉसरेफ (डीओआयची नोंदणी करणारी संस्था) या दोन्ही ठिकाणी शोधावे. वैद्यकीय विषय असल्यास पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या नोंदसंग्रहातही पाहावे. शीर्षक कुठेच सापडले नाही, तर जर्नलच्या संकेतस्थळावर जाऊन तो खंड, तो अंक आणि ती पाने उघडावीत. जुनी पुस्तके आणि पुष्कळ जुने निबंध यांना डीओआय नसतो. पुस्तकासाठी वर्ल्डकॅटसारखी ग्रंथालय-सूची पाहावी.

३. क्रमांकाची बांधणी वाचायला शिकावे. प्रत्येक डीओआय ‘१०.’ ने सुरू होतो आणि तिरक्या रेघेच्या आधीचा भाग नोंदणी करणाऱ्या प्रकाशकाचा असतो. १०.१०३८ हा ‘नेचर’ समूहाचा, १०.११२६ ‘सायन्स’च्या प्रकाशकांचा, १०.१३७१ ‘प्लॉस’चा आणि १०.१०१६ एल्सेव्हिअरचा. साधन निबंध ‘प्लॉस वन’मधला म्हणते आणि क्रमांक १०.१०१६ ने सुरू होतो, तर तिथेच थांबावे. जर्नल एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेले तरी जुन्या निबंधांचे क्रमांक तसेच राहतात, त्यामुळे विसंगती दिसली म्हणजे संदर्भ खोटाच आहे असे लगेच ठरवू नये. पण तो तपासल्याशिवाय पुढेही जाऊ नये.

आरकाइव्ह या प्रीप्रिंट-संग्रहाचे (प्रीप्रिंट म्हणजे तज्ज्ञ-परीक्षणाआधीच खुला केलेला निबंध) क्रमांक याहून बोलके आहेत. १७०६.०३७६२ हा क्रमांक घेऊ. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे. म्हणजे हा निबंध २०१७ च्या जूनमध्ये तिथे दाखल झाला. साधनाने हाच क्रमांक देऊन वर्ष २०१४ लिहिले, किंवा महिन्याच्या जागी १३ आले, तर काहीही न उघडता चूक कळते. प्रत्यक्ष शोधताना हे सगळे आकडे अर्थातच इंग्रजी अंकांत टाकायचे.

सावधान : डीओआय हा गुणवत्तेचा शिक्का नाही. विदासंच (डेटासेट) आणि प्रीप्रिंट यांनाही डीओआय मिळतो, आणि सुमार जर्नलमधल्या निबंधांनाही मिळतो.

तपासणी : चारांपैकी एक जरी तपशील जुळला नाही, तरी आपण पाहिलेल्या मूळ पानावरून संदर्भ नव्याने लिहावा. साधनाने दिलेली ओळ दुरुस्त करून वापरू नये. दुरुस्तीत एखादा चुकीचा अंक हटकून राहतो.

टप्पा ६ : निबंध तेच सांगतो का ते वाचून पाहा

सगळ्या टप्प्यांत हा सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका हाच टाळला जातो. पूर्ण मजकूर शुल्काच्या आड असला की साधनाने बहुधा फक्त सारांश वाचलेला असतो, आणि सारांशातले सावध वाक्य उत्तरात येईपर्यंत ठाम होते. ‘रात्रपाळी करणाऱ्यांमध्ये निकृष्ट झोपेचे प्रमाण अधिक आढळले’ याचे ‘रात्रपाळीमुळे झोप बिघडते’ असे रूप होते. पहिले वाक्य एका वेळी केलेल्या पाहणीतून येऊ शकते. दुसऱ्याला कार्यकारणाचा पुरावा लागतो.

वाचताना क्रम असा ठेवावा. आधी पद्धतीचा भाग : किती परिचारिका, कोणत्या विभागातल्या, किती काळ पाहिल्या, झोप प्रश्नावलीने मोजली की ॲक्टिग्राफीने? मग निष्कर्षांचे तक्ते. मग मर्यादांचा परिच्छेद, जो लेखकांनी स्वतःच लिहिलेला असतो आणि साधनाच्या उत्तरात जवळजवळ कधीच येत नाही. प्रस्तावना सर्वांत शेवटी. प्रस्तावनेत लेखक इतरांचे निष्कर्ष सांगत असतात, आणि साधन ते वाक्य उचलून याच निबंधाच्या नावावर खपवते. असे वाक्य हवे असेल तर त्याच्याशेजारचा संदर्भ उघडून मूळ निबंधापर्यंत जावे.

न वाचता पुढे दिलेला संदर्भ किती दूर जातो याचे एक उदाहरण मला नेहमी सांगावेसे वाटते. १९८० च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. अफूवर्गीय वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी व्यसन लागल्याची नोंद फक्त चार जणांची होती, असे त्यात म्हटले होते. ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी पत्रात काहीच नव्हते. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये आलेल्या विश्लेषणात या पत्राचे ६०८ उल्लेख तपासले गेले. त्यांपैकी ४३९ उल्लेखांत ते ‘व्यसन क्वचितच लागते’ याचा पुरावा म्हणून वापरलेले होते, आणि रुग्ण रुग्णालयातले होते हे ४९१ उल्लेखांत सांगितलेलेच नव्हते. ही साखळी माणसांनी तयार केली, तीही एआय नसताना. ज्या साधनाचे उत्तर अशाच उल्लेखांच्या ढिगावर उभे राहते, ते ही साखळी आणखी एका कडीने वाढवते; ती आपल्या हाताने तोडावी लागते.

पूर्ण मजकूर मिळत नसेल तर मोफत प्रती शोधून देणारे अनपेवॉल, मोफत निबंधांचा संग्रह असलेले पबमेड सेंट्रल किंवा लेखकाच्या विद्यापीठाचा संग्रह पाहावा, आणि तरीही न मिळाल्यास लेखकाला सरळ पत्र लिहावे. पुष्कळ लेखक प्रत आनंदाने पाठवतात. इतके करूनही मजकूर हाती आला नाही, तर त्या निबंधावर महत्त्वाचे विधान टेकवू नये.

तपासणी : आपल्या विधानाला आधार देणारे वाक्य किंवा तक्ता पान क्रमांकासह दाखवता येतो का? येत नसेल, तर तो संदर्भ त्या विधानाचा नाही.

टप्पा ७ : निबंधाची सद्यस्थिती तपासा

खरा, छापलेला, नामवंत जर्नलमधला निबंधही मागे घेतलेला असू शकतो. ‘लॅन्सेट’ने २२ मे २०२० रोजी कोविडवर वापरून पाहिल्या गेलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा एक मोठा निबंध प्रसिद्ध केला आणि मूळ विदेची स्वतंत्र तपासणी होऊ न शकल्यामुळे तो ४ जून २०२० रोजी मागे घेतला गेला. त्या तेरा दिवसांत त्यावर लिहिल्या गेलेल्या बातम्या आणि लेख वेबवर आहेत तसेच आहेत, आणि वेबवर शोधणारे साधन त्यांपाशी सहज पोहोचते.

म्हणून प्रत्येक निबंधाचे प्रकाशकाकडचे पान उघडून मागे घेतल्याची किंवा दुरुस्तीची सूचना आहे का ते पाहावे. मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’चा माहितीसंग्रह २०२३ मध्ये क्रॉसरेफने घेऊन सर्वांसाठी खुला केला आहे, आणि झोटेरो हे मोफत संदर्भ-व्यवस्थापक साधन तुमच्या संग्रहातला एखादा निबंध मागे घेतला गेल्यास तशी सूचना देते.

प्रीप्रिंट वापरायला हरकत नाही, पण तो प्रीप्रिंट आहे हे संदर्भात लिहावे आणि त्याची परीक्षण होऊन छापलेली आवृत्ती निघाली आहे का ते आधी पाहावे. दोन आवृत्त्यांतले आकडे बदललेले असू शकतात. जर्नल अनोळखी असेल आणि मुक्तप्रवेश (कोणालाही मोफत वाचता येणारे) असेल, तर ते डीओएजे या मुक्तप्रवेश जर्नलांच्या सूचीत आहे का ते तपासावे.

टप्पा ८ : हाती आलेल्या निबंधावरून पुढे जा

पडताळणीत टिकलेले तीन-चार निबंध हे साधनाच्या पुढच्या दहा उत्तरांपेक्षा मोलाचे असतात. प्रत्येकाची संदर्भसूची पाहून मागे जावे आणि गूगल स्कॉलरमधल्या ‘साइटेड बाय’ या दुव्यावरून पुढे यावे. दोन्ही दिशांनी तेच ते निबंध भेटू लागले की त्या प्रश्नापुरता शोध बऱ्यापैकी पुरा झाला असे समजावे. साधनाने एकदाही न सुचवलेले, पण सगळे जण ज्याचा आधार घेतात असे निबंध याच टप्प्यावर सापडतात.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करणाऱ्याने मात्र एवढ्यावर थांबू नये. त्याला नोंदसंग्रहांत ‘अँड’ आणि ‘ऑर’ घालून बांधलेला, दुसऱ्याला तसाच करून पाहता येईल असा शोध करावाच लागतो, आणि एआय साधनाचे उत्तर त्याला पर्याय होऊ शकत नाही.

टप्पा ९ : नोंद ठेवा

आज विचारलेल्या प्रश्नाला उद्या वेगळी यादी येते. त्यामुळे साधनाचे नाव, तारीख, प्रश्नाचे नेमके शब्द आणि आलेली मूळ यादी त्याच दिवशी जतन करावी. अनेक जर्नले एआयच्या वापराची माहिती मागतात. ती तेव्हा आठवून लिहिता येत नाही.

संदर्भासाठी एक साधा तक्ता पुरतो. पहिल्या रकान्यात आपले विधान, दुसऱ्यात संदर्भ, तिसऱ्यात आधार देणारे पान किंवा तक्ता, चौथ्यात पूर्ण मजकूर वाचला की फक्त सारांश, आणि पाचव्यात निबंधाची सद्यस्थिती पाहिल्याची तारीख. लेख पाठवण्याच्या आदल्या दिवशी पाचवा रकाना पुन्हा एकदा भरावा, आणि चौथ्या रकान्यात ‘फक्त सारांश’ असलेल्या ओळींपैकी ज्यांच्यावर एखादा निष्कर्ष अवलंबून आहे त्या ओळी लेखातून काढाव्यात.